कशापासून लांब? फ्रेंचमधल्या ‘तटस्थ’ शब्दांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी सहज लिहून गेले होते की फ्रेंचमधून इंग्लिशमध्ये येताना सगळ्यात जास्त घोळ ‘ऑब्जेक्टिव्ह’, ‘डिटॅच्ड’, ‘इंडिफरन्ट’ या गटातल्या शब्दांचा होतो, आणि त्या एका वाक्यावर इतक्या मेल आल्या की बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलून यावेळी फक्त हाच विषय घेतेय. आधी एवढंच सांगते. एखादा माणूस तटस्थ आहे म्हटलं की तो लांब उभा आहे हे कळतं, पण कशापासून लांब? पैशापासून, पक्षापासून, भावनेपासून, का स्वतःच्याच मतापासून? फ्रेंच लिहिणारे यातलं नेमकं काय ते शब्द निवडतानाच सांगून टाकतात, आणि इंग्लिशमध्ये मात्र तो माणूस बऱ्याचदा कोरडा किंवा बेफिकीर होऊन येतो. भाषांतर करणाऱ्यानं हे टाळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण यात त्या माणसावर अन्याय होतो. आता प्रश्न.

ताई, मेरी क्युरीवरचा एक फ्रेंच लेख मी मोबाइलवर इंग्लिश करून वाचला. त्यात तिला ‘डिसइंटरेस्टेड’ म्हटलंय. जिनं सगळं आयुष्य संशोधनात घातलं तिला इंटरेस्ट नव्हता? (ठाणे)

नाही हो, अगदी उलट. फ्रेंच शब्द आहे ‘देझँतेरेसे’. त्यात जो ‘अँतेरे’ आहे तो फक्त आवड या अर्थाचा नाही, बँकेच्या व्याजालाही फ्रेंच लोक अँतेरेच म्हणतात आणि आपण ज्याला हितसंबंध म्हणतो तोही अँतेरेच. त्यामुळे देझँतेरेसे माणूस म्हणजे ज्याचं त्या गोष्टीत स्वतःचं काही अडकलेलं नाही, जो पदरात काही पाडून घ्यायला आलेला नाही असा माणूस. कामात तो बुडालेला असू शकतो, नव्हे, बहुतेक वेळा असतोच.

क्युरींच्या बाबतीत हा शब्द इतका चपखल आहे की तो चुकला की मला वाईट वाटतं. मेरी आणि पिएर यांनी १८९८ मध्ये रेडियम सापडल्याचं जाहीर केलं, मग पॅरिसमधल्या एका गळक्या शेडमध्ये बोहेमियातल्या योआखिमस्थालच्या खाणीतून आलेला पिचब्लेंडचा, म्हणजे युरेनियमच्या खनिजाचा गाळ टनावारी उकळत, ढवळत, गाळत बसले आणि १९०२ पर्यंत हाताला काय लागलं तर ग्रॅमचा साधारण दहावा भाग रेडियम क्लोराइड. एवढं करून ते काढायच्या पद्धतीचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. विज्ञानातली गोष्ट आहे, सगळ्यांची आहे, असं त्यांचं म्हणणं. पुढे रेडियमचा भाव इतका चढला की ज्या बाईनं ते शोधलं तिच्याच प्रयोगशाळेला ते विकत घेणं परवडेना, आणि १९२१ मध्ये अमेरिकेतल्या बायकांनी वर्गणी काढून तिला १ ग्रॅम रेडियम भेट दिलं, त्याची तेव्हाची किंमत साधारण १ लाख डॉलर, समारंभ थेट व्हाइट हाउसमध्ये अध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते. याला म्हणतात ‘देझँतेरेसमाँ’.

तुमच्या मोबाइलनं दिलेला इंग्लिश शब्द तसा चूक नाहीये. ‘डिसइंटरेस्टेड’चा नीट अर्थ स्वार्थ नसलेला, निःपक्षपाती असाच आहे, कोर्टात आणि जुन्या चांगल्या गद्यात तो तसाच वापरतात, पण रोजच्या बोलण्यात तो आणि ‘अनइंटरेस्टेड’ एकमेकांत मिसळून गेलेत, म्हणून वाचणाऱ्याला ‘रस नसलेली’ असंच ऐकू येतं. मी असते तर इंग्लिशमध्ये ‘सेल्फलेस’ किंवा सरळ ‘तिनं स्वतःसाठी काही मागितलं नाही’ असं वाक्य केलं असतं. मराठीत ‘निःस्वार्थी’ आहेच, पण हल्ली सत्काराच्या भाषणांनी तो शब्द फार वापरून गुळगुळीत केलाय, म्हणून मला ‘निरपेक्ष’ जास्त आवडतो.

आणि एक गंमत वाटेल अशी गोष्ट, याच शब्दाचं क्रियापद सावकारीत सापडतं. फ्रेंच कायद्याच्या भाषेत एखाद्या देणेकऱ्यानं सावकाराला ‘देझँतेरेसे’ केलं म्हणजे त्याचं देणं चुकतं करून त्याला मोकळं केलं, आता त्याचा या व्यवहारात काही संबंध उरला नाही. तसंच १९०१ च्या कायद्याखाली नोंदवलेल्या संस्थांना करसवलत हवी असेल तर त्यांचा कारभार ‘देझँतेरेसे’ असावा लागतो, म्हणजे चालवणाऱ्यांनी त्यातून नफा खाता कामा नये. इथे कुणी ‘रस नसलेला कारभार’ असं भाषांतर केलं तर काय होईल विचार करा. पण सावध, याच क्रियापदाच्या आधी ‘स’ लावून ‘स देझँतेरेसे’ केलं की अर्थ खरंच ‘रस उडणं’ असा होतो. म्हणून वाक्यात कोण कुणाला काय करतंय ते बघितल्याशिवाय हा शब्द सोडायचा नाही.

कामूच्या कादंबरीच्या माझ्याकडे दोन इंग्लिश प्रती आहेत. शेवटच्या पानावर एकीत जगाची ‘बिनाइन इंडिफरन्स’ आहे, दुसरीत ‘जेंटल’. मूळ काय आहे आणि बरोबर कोण? (कोल्हापूर)

मूळ आहे ‘ताँद्र अँदिफेराँस’. कादंबरी १९४२ ची. पहिलं इंग्लिश भाषांतर स्टुअर्ट गिल्बर्ट यांचं, १९४६ चं, तेच इंग्लंडमध्ये ‘द आउटसायडर’ आणि अमेरिकेत ‘द स्ट्रेंजर’ नावानं निघालं. त्यात ‘बिनाइन’ आहे, आणि कामूचं ‘जग’ तिथे ‘विश्व’ झालंय. मॅथ्यू वॉर्ड यांनी १९८८ मध्ये ‘जेंटल’ केलं आणि जग परत आणलं. सँड्रा स्मिथ यांच्या २०१२ च्या भाषांतरात ‘टेंडर’ आहे, जो मूळ शब्दाचाच सख्खा भाऊ.

माझा कौल सरळ ‘टेंडर’ला. ‘बिनाइन’ ऐकलं की आपल्याकडे तर लोकांना गाठीचा रिपोर्टच आठवतो, धोका नाही एवढंच त्यातून कळतं. ‘ताँद्र’ हा मऊ शिजलेल्या मांसाला, ताज्या पावाला, कोवळ्या वयाला आणि मायेनं बघणाऱ्या नजरेला लावायचा शब्द आहे. कामूनं तो मुद्दाम अशा शब्दाशेजारी बसवला की वाचणारा थबकावा. मराठीत मी ‘मायाळू अलिप्तता’ म्हणेन. ‘बेफिकिरी’ म्हणणार नाही, कारण त्यात तोरा आहे आणि इथे तोरा अजिबात नाही.

पण खरं सांगू का, शेवटच्या पानापेक्षा जास्त नुकसान मधल्या एका साध्या वाक्याचं होतं. कादंबरीचा नायक मर्सो, त्याची मैत्रीण मारी त्याला विचारते, माझ्याशी लग्न करशील का, तर तो म्हणतो ‘सला मेते एगाल’, म्हणजे शब्दशः ‘मला ते समान होतं’, आणि तिला हवं असेल तर करता येईल. गिल्बर्ट यांनी इथे ‘माझी काही हरकत नव्हती’ अशा चालीचं इंग्लिश केलंय आणि त्यामुळे मर्सो एकदम चहाला आलेला सभ्य इंग्लिश गृहस्थ वाटायला लागतो. वॉर्ड यांनी ‘मला त्यानं काही फरक पडत नव्हता’ असं केलं, ते मुळाजवळ आहे. आपल्याकडे ‘मला काय, दोन्ही सारखंच’ असं म्हणणारी माणसं घरोघरी आहेत, त्यामुळे मराठीत हे वाक्य इंग्लिशपेक्षा चांगलं बसतं, आणि मुळातला ‘सारखं’पणाही वाचतो.

आता मर्सोवर खुनाचा खटला चालतो तो कोर्टाचा प्रसंग बघा. आईच्या शवाजवळ बसून यानं दूध घातलेली कॉफी प्यायली, सिगरेट ओढली, रडला नाही, दुसऱ्या दिवशी पोहायला गेला, सिनेमा बघितला, हे सगळं सरकारी वकील एकेक करून ज्युरीपुढे मांडतो, आणि त्यासाठी शब्द वापरतो ‘अँसाँसिबिलिते’, म्हणजे भावनाच नसणं, काळीज दगडाचं असणं. लेखक शेवटी वापरतो तो ‘अँदिफेराँस’, म्हणजे भेद न करणं, हे आणि ते सारखंच धरणं. वकिलाच्या आरोपाचा शब्द एक आणि मर्सोला मरणाच्या दारात जगात जे दिसतं त्याचा शब्द दुसरा. भाषांतरात दोन्ही ठिकाणी एकच शब्द पडला तर वकील म्हणत होता तेच खरं होतं असं पुस्तकच कबूल करतंय असं होईल! तुमच्या दोन्ही प्रती शेजारी ठेवून या दोन जागा नक्की तपासा.

इंडिफरन्सचाच प्रश्न. आमच्या चर्चमध्ये एका प्रवचनात ‘होली इंडिफरन्स’ असा शब्द आला. पवित्र बेपर्वाई कशी असेल? (वसई)

हा मूळ फ्रेंच ‘सँत अँदिफेराँस’, संत फ्रांस्वा द साल यांच्या ईश्वरप्रेमावरच्या १६१६ च्या ग्रंथातला. ते पॅरिसमध्ये जेझुइट या कॅथलिक संघाच्या कॉलेजात शिकले होते आणि जेझुइटांचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या साधनेत सुरुवातीलाच हे आहे की आरोग्य का आजारपण, श्रीमंती का गरिबी, मान का अपमान, दीर्घायुष्य का अल्पायुष्य यात आपण स्वतःहून निवड करत बसू नये. म्हणजे बेपर्वाई माणसांबद्दलची नाही, स्वतःच्या वाट्याला काय येतं त्याबद्दलची आहे. आपल्याकडे याला तयार शब्द आहे, समभाव किंवा गीतेतलं समत्व. वर कामूच्या उत्तरात जो ‘एगाल’ आला तोही अर्थानं ‘सम’च आहे बघा. जाता जाता, याच १६१६ साली गोव्यात राशोल इथे फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण छापून निघालं, तेही जेझुइटच, आणि ते तर आपल्या भाषेतलं.

मुलीच्या फ्रेंच निबंधावर सरांनी ‘रक्युल पाहिजे’ असा शेरा मारलाय. डिक्शनरीत ‘मागे सरणे’ दिसतंय. निबंधात मागे कसं सरायचं? (नागपूर)

घाबरू नका, चांगला शेरा आहे. रक्युल म्हणजे मागे जाणं, तोफ उडाल्यावर मागे झटका देते तोसुद्धा रक्युलच. फ्रेंचांची १८९७ ची ७५ मिलिमीटरची प्रसिद्ध तोफ याचसाठी गाजली की तिच्या नळीचा रक्युल तेल आणि दाबलेल्या हवेच्या यंत्रणेनं शोषला जायचा, गाडा जागचा हलायचा नाही आणि दर वेळी नव्यानं नेम धरावा लागायचा नाही. निबंधात ‘रक्युल घेणं’ म्हणजे विषयाला नाक लावून न लिहिता दोन पावलं मागे येऊन पूर्ण चित्र बघणं, माझं मत असं का आहे, समोरच्याचं काय म्हणणं असेल याचा विचार करणं. बी-टू लेव्हलच्या परीक्षेत हेच बघतात. आणि ‘आव्हेक ल रक्युल’ दिसलं तर मात्र तो काळ गेल्यावरचा शहाणपणा, ‘आता मागे वळून बघताना’ असं घ्यायचं. इंग्लिशमध्ये त्याला ‘हाइंडसाइट’ म्हणतात, ‘ऑब्जेक्टिव्हिटी’ नाही.

फिल्म अप्रिसिएशनच्या कोर्सला आंद्रे बाझँचा फोटोग्राफीवरचा निबंध होता. इंग्लिश भाषांतरात मधेच कंसात भाषांतरकाराची टीप येते की इथे एक छटा हरवली आहे. कोणती? (पुणे)

तुम्ही म्हणताय ती ह्यू ग्रे यांच्या १९६७ च्या भाषांतरातली टीप, आणि तिचं मला कौतुक आहे, कारण त्यांनी हरवलेलं लपवलं नाही. बाझँ या फ्रेंच सिनेसमीक्षकानं १९४५ च्या त्या निबंधात म्हटलंय की चित्रकलेपेक्षा फोटोग्राफी वेगळी कशात, तर तिच्या ‘ऑब्जेक्तिविते’त, आणि माणसाच्या डोळ्याच्या जागी जो काचांचा संच आला त्यालाही फ्रेंचमध्ये नेमकं ‘ऑब्जेक्तिफ’च म्हणतात. कॅमेऱ्याचं भिंग आणि वस्तुनिष्ठ, एकच शब्द! इंग्लिशमध्ये भिंग झालं ‘लेन्स’, म्हणजे मसुराच्या डाळीच्या नावावरून आलेला शब्द, आणि बाझँच्या वाक्यातला सांधाच निखळला.

पण यात शब्दखेळापेक्षा मोठं काही आहे. बातमीदार ऑब्जेक्टिव्ह आहे म्हणतो तेव्हा आपण त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल बोलतो, त्यानं काहीतरी कष्टानं आवरलेलं असतं. बाझँ फोटोग्राफरच्या गुणाबद्दल बोलतच नाहीये. समोर वस्तू आहे, आणि तिच्या आणि तिच्या प्रतिमेच्या मधे दुसरी एक वस्तूच आहे, माणूस नाही, माणसानं फक्त काय टिपायचं ते निवडलं, बाकी प्रतिमा आपोआप उमटली. बाकीच्या सगळ्या कला माणसाच्या हजेरीवर उभ्या आहेत, इथे त्याच्या गैरहजेरीचा आनंद आहे, असं तो म्हणतो. मराठीत ‘वस्तुनिष्ठ’मध्ये ‘वस्तू’ उघड दिसते ना, तिचा फायदा घेता येईल. ‘भिंग ही वस्तू, म्हणून प्रतिमा वस्तुनिष्ठ’ असं काहीतरी. पूर्ण नाही जमणार पण इंग्लिशपेक्षा जवळ जाईल. हातात फोन घेऊन कोणी फिल्टर लावलेला फोटो दाखवला की बाझँचं म्हणणं किती टिकतं हा प्रश्न तुमच्या कोर्सला नक्की विचारा, मला त्यात खूप रस आहे.

देकार्तच्या पुस्तकात ‘ऑब्जेक्टिव्ह रिअॅलिटी’ म्हणजे मनातली गोष्ट असं सर म्हणाले. उलटं नाही का? (औरंगाबाद)

आजच्या कानाला उलटंच आहे आणि सर बरोबर आहेत. या फ्रेंच तत्त्वज्ञाचं हे पुस्तक, ‘मेडिटेशन्स’, लॅटिनमध्ये १६४१ ला आणि फ्रेंचमध्ये १६४७ ला आलं, तेव्हा या शब्दाचा अर्थ होता ‘मनासमोर ठेवलेलं असणं’. आकाशातला सूर्य आहे ते त्याचं प्रत्यक्ष असणं, त्याला तो ‘फॉर्मेल’ म्हणतो. सूर्याची कल्पना तुमच्या मनात आहे, त्या कल्पनेत सूर्य ज्या रीतीनं आहे ते ‘ऑब्जेक्तिव्ह’. कांटनंतरच्या काळात शब्दानं कूस बदलली आणि १९ व्या शतकात आजचा अर्थ पक्का झाला. इंग्लिश भाषांतरांत तोच शब्द ठेवतात आणि टीप देतात, ते ठीकच आहे. मराठीत करताना ‘वस्तुनिष्ठ’ चुकूनही नको, ‘कल्पनागत’ किंवा ‘प्रतिमारूप’ असं काहीतरी करावं लागेल.

माझ्या भाचीच्या फ्रान्समधल्या बॉसच्या बायोडेटात तीन वर्षं ‘देताशमाँ’ असं लिहिलंय. आणि इकडे सिमोन व्हेलच्या पुस्तकात ‘देताशमाँ’ म्हणजे वैराग्य. एकच शब्द? (नाशिक)

एकच. बॉसनी वैराग्य घेतलं नव्हतं, ते सरकारी नोकर असणार आणि तीन वर्षं डेप्युटेशनवर होते, आपल्या सरकारी भाषेत प्रतिनियुक्ती. मूळ खात्यातली बढती आणि पेन्शन चालू राहते, काम दुसरीकडे. लष्करातल्या तुकडीलाही हाच शब्द, तो इंग्लिशनंही जसाच्या तसा उचललाय. आणि फ्रान्सच्या सुपरमार्केटात ‘देताशाँ’ लिहिलेली बाटली दिसली तर ते डाग काढायचं औषध, कारण तिथे ‘ताश’ म्हणजे डाग, त्या क्रियापदाचं मूळच वेगळं आहे, दिसायला फक्त सारखं.

व्हेलच्या शब्दाकडे येऊ. ‘आताशे’ म्हणजे बांधणं हे क्रियापद जुन्या फ्रेंचमधल्या खुंटा या अर्थाच्या शब्दावरून आलंय. म्हणून देताशमाँ म्हणजे खुंट्याचं दावं सुटणं. सुटलेलं जनावर कुठे गेलं, लांब पळालं का तिथेच शांत उभं राहिलं, हे शब्द सांगत नाही, आणि व्हेल समजून घ्यायला हेच महत्त्वाचं आहे. इंग्लिश ‘डिटॅच्ड’ माणूस आपल्याला थंड, अंग काढून घेतलेला वाटतो. तिचं आयुष्य बघा. १९०९ चा पॅरिसचा जन्म, तत्त्वज्ञानाची शिक्षिका, त्या नोकरीतून रजा घेऊन १९३४-३५ मध्ये कारखान्यात मशीनवर काम केलं, रेनॉमध्येसुद्धा, कारण कामगाराचं दुःख बाहेरून बघून कळत नाही असं तिला वाटलं. १९४३ मध्ये इंग्लंडमध्ये वारली तेव्हा ३४ वर्षांची होती. ही बाई कशापासून अंग काढून घेईल?

तिनं १९४० मध्ये, युद्ध पेटलेलं असताना, गीता वाचली आणि ती इतकी आत गेली की पुढे मार्सेमध्ये रने दोमाल या कवीकडून ती संस्कृत शिकली, मूळ वाचता यावं म्हणून. आधी ती कट्टर युद्धविरोधी होती, त्यामुळे अर्जुनाचा प्रश्न तिच्यासाठी पुस्तकातला नव्हताच. तिच्या वह्यांतले उतारे निवडून १९४७ मध्ये जे पुस्तक निघालं त्यात देताशमाँवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे सुटायचं आहे ते फळापासून, सांत्वनापासून, ‘याचा मला काय उपयोग’ या प्रश्नापासून. माणसांपासून नाही. उलट १९४२ च्या एका पत्रात तिनं लिहिलंय की लक्ष देणं हा औदार्याचा सगळ्यात दुर्मिळ आणि सगळ्यात शुद्ध प्रकार आहे. आपलं काही अडकलेलं नसेल तेव्हाच समोरच्याकडे नीट लक्ष जातं, असं तिचं सूत्र मला दिसतं.

म्हणून ‘वैराग्य’ मला खटकतं, त्यात संसार सोडून निघाल्याचा भास आहे. ‘अनासक्ती’ घ्या. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी मराठीत गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, त्यात फलत्यागाबद्दल जे आहे ते वाचून मग व्हेल वाचा, तुम्हाला इंग्लिश भाषांतराची गरजच कमी पडेल. हा रस्ता मराठी वाचकाला उघडा आहे आणि फार कमी लोक त्यानं जातात.

आम्ही हौशी नाटकवाले. दिदेरोचं म्हणणं की नटाला ‘सेन्सिबिलिटी’ नको. मग नट कसला? (सांगली)

दिदेरो हा अठराव्या शतकातला फ्रेंच लेखक आणि विचारवंत, त्याचा शब्द ‘साँसिबिलिते’. इंग्लिशमध्ये त्याचा ‘सेन्सिबिलिटी’ झाला की कानाला अभिरुची, रसिकता असं काहीतरी येतं. दिदेरोला म्हणायचंय हळवेपणा, चटकन भरून येणं. नटाच्या आत एक थंड, शांत प्रेक्षक बसलेला हवा, तो सगळं बघत असतो, असं तो लिहितो. उदाहरण त्याच्या काळातल्या दोन नट्यांचं देतो. क्लेराँ सगळं आधी ठरवून, घोटून उभी राहायची आणि रोज तितकीच उंच जायची. द्युमेनिल भावनेवर सोडून द्यायची, एखादा क्षण अफाट, बाकी प्रयोग कुठेही. त्याचं पारडं क्लेराँकडे. हा मजकूर तो गेल्यावर कितीतरी वर्षांनी, १८३० मध्ये छापला गेला आणि १८८३ मध्ये इंग्लिशमध्ये आला तेव्हा प्रस्तावना कोणी लिहिली तर हेन्री आयर्व्हिंग यांनी, त्या काळच्या लंडनच्या सगळ्यात मोठ्या नटानं, आणि त्यांना हे मत काही पूर्ण पटलं नव्हतं!

तुमच्या कामाचं आणखी एक सांगते. मानववंशशास्त्रज्ञ लेव्ही-स्त्रोस यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकाला जे नाव दिलं त्याचा अर्थ ‘लांबून टाकलेली नजर’, आणि ती कल्पना त्यांनी जपानी नो नाटकाचे आचार्य झेआमी यांच्याकडून घेतली. नटाला स्वतःकडे प्रेक्षकाच्या जागेवरून बघता आलं पाहिजे, ही ती कल्पना. तालमीत एकदा करून बघा, पाठमोरं उभं असतानासुद्धा आपली पाठ प्रेक्षकाला कशी दिसतेय ते डोळ्यासमोर आणायचं.

थोडक्यात दोन. मुंबईच्या वकील ताई, फ्रेंच न्यायाधीश ‘स देपोर्त’ करतो म्हणजे त्याला देशाबाहेर घालवलेलं नसतं, हितसंबंध आहे म्हणून तो स्वतःहून त्या खटल्यातून बाजूला होतो, इंग्लिशमध्ये ‘रिक्यूज’. आणि साताऱ्याचे दादा, ‘साँ-फ्र्वा’ शब्दशः थंड रक्तच, पण इंग्लिशनं तो उचलताना संकटातली शांतता एवढाच अर्थ घेतला, थंड रक्तानं केलेल्या खुनासाठी त्यांनी आपला वेगळा वाक्प्रचार ठेवला. फ्रेंचमध्ये दोन्ही एकाच शब्दात आहेत, ‘द साँ-फ्र्वा’ खून झाला असं बातमीत येऊ शकतं.

एवढे बारकावे घरबसल्या कुठे तपासायचे? (रत्नागिरी)

‘त्रेझॉर द ला लाँग फ्राँसेझ’ हा १६ खंडांचा कोश १९७१ ते १९९४ या काळात निघाला आणि तो आता सेएनएरतेएल (CNRTL) या फ्रेंच साइटवर फुकट बघता येतो. शब्द टाकला की वर टॅब दिसतात, अर्थ, व्युत्पत्ती, समानार्थी, विरुद्धार्थी असे. बहुतेक जण समानार्थीवर जातात आणि तिथेच अडकतात, कारण तिथे हे सगळे शब्द एकमेकांच्या यादीत सापडतात. तुम्ही विरुद्धार्थीवर आधी जा. देझँतेरेसेच्या समोर लोभी आणि मतलबी येईल, अँपार्सियालच्या समोर पक्षपाती, देताशेच्या समोर बांधलेला. त्यावरून लेखकाच्या मनात काय होतं ते कळेल, मग मराठी शब्द शोधायला बसा. उदाहरणांची वाक्यं जुन्या लेखकांची आहेत, थोडी लांब असतात, पण दोन-तीन तरी पूर्ण वाचा.